पट्टे कापू नकोस

३ नोव्हेंबर
बंदरावरून

ती. आई,

"या घरात तुला कधी काही मागावं लागणार नाही."

तुम्ही हे म्हणालात तेव्हा मी तुमच्या स्वयंपाकघरातले ड्रॉवर एकामागून एक उघडून चमचा शोधत होते. लग्न होऊन आल्याची पहिली संध्याकाळ. तुम्ही दारात उभ्या होतात, कारखान्यातून नुकत्याच आलेल्या, पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. तुम्ही चमचा काढून माझ्या हातात ठेवलात, हे एक वाक्य बोललात आणि आत निघून गेलात. मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी सासू रागावली.

पण ते खरंच झालं. वीस वर्षांत मी त्या घरात काही मागितलं नाही. मागायच्या आधीच मिळत गेलं. थंडी वाजायच्या आधी पांघरूण, डोकं दुखायच्या आधी चहा. तुमच्या मुलाकडून मात्र जे हवं होतं ते मागूनही मिळालं नसतं; पण तो तुमचा दोष नाही.

हे आज आठवायचं कारण म्हणजे ही सॅक. मी औषधाच्या दुकानातली नोकरी सोडून हिंडायला निघते आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं, मला माहीत नाही. शेवटच्या दिवशी काउंटरवर मान वर करून बघते तर समोर तुम्ही, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं गाठोडं. "भिजणार नाही," एवढंच म्हणालात. मागे गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत होतं, म्हणून मला नीट बोलताही आलं नाही. तो नमस्कार राहिला होता, तो आता करते.

"ती. आई" लिहू की नको, यातच अर्धा तास गेला. कागदोपत्री आता मी तुमची कुणी नाही. पण दुसरं जे जे लिहून पाहिलं ते वाचायला परक्याला लिहिल्यासारखं वाटलं. घरी फोन केला तर तो उचलेल किंवा त्याची नवी बायको उचलेल, आणि मग सगळ्यांचीच पंचाईत. म्हणून कारखान्याच्या पत्त्यावर पत्र. उत्तर द्यावंसं वाटलं तर खाली पुढच्या गावच्या पोस्टाचा पत्ता दिला आहे, तिथे ते माझ्यासाठी ठेवून घेतील.

इथे गरम आहे. गरम म्हणजे, सकाळी धुतलेले केस संध्याकाळपर्यंत ओलेच राहतात. भिंतींना बुरशी, वहीच्या पानांना बुरशी, माझ्या चपलांना हिरवी लव आली आहे. राहते ती खोली आठ जणांची, एकावर एक पलंग. बाकीचे सगळे विशी-पंचविशीतले. माझा पलंग वरचा. रोज शिडी चढताना गुडघा कुरकुरतो आणि खालची मुलगी अदबीने पाय आक्रसून घेते, त्याचंच जास्त वाईट वाटतं. दिवसातून एकदा पोटभर भात, बाकी केळी आणि उकडलेली अंडी. कपडे अंगाच्याच साबणाने धुते. पैसे पुरवायचे तर असंच करावं लागतं, आणि खरं सांगू, त्याचं काही वाटत नाही.

एक तक्रार आहे, रागावू नका. सॅकचे पट्टे आखूड झालेत. पाठीवर घेतली की ती मानेशी येऊन बसते, आणि कमरेचा पट्टा कमरेला न येता बरगड्यांवर येतो. तुम्ही आयुष्यात कधी टेप लावली नाही. नुसतं बघून आणि वितीने मोजून ताडपत्र्या शिवल्यात, ट्रकच्या ट्रक झाकलेत. तुमचं माप चुकतं म्हणजे डोळे दाखवून घ्यायला हवेत. एकदा जाऊन याच.

तुमचीच

*

१४ नोव्हेंबर

चि. लंबूस अनेक आशीर्वाद.

पत्र शेठनी सगळ्या मशीनवाल्यांसमोर हातात दिलं आणि म्हणाले, "मावशी, एवढ्या लांबचा शिक्का! लग्नबिग्न जमवताय की काय?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी स्थळ बघतेय, पण पोट बघून सगळ्या नाही म्हणतात." दुपारभर हसत होते मेले.

तू काय लिहायचं आणि काय नाही यावर अर्धा तास घालवलास. एवढ्या वेळात माझ्या दोन ताडपत्र्या कडेने शिवून होतात. आई लिहिलंस ते बरं केलंस.

माप चुकलं म्हणतेस तर चुकलं असेल. वय झालं. तुझ्याकडे बघायला मान वर करून करून माझी मान गेली, आता डोळेही गेले असतील. दाखवीन सवडीने. त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस, आणि कुणाला सांगत बसू नकोस.

पट्टे वाढवून घ्यायचे तर खुशाल घे. कुठेही मोची बसलेला असतो. पण पट्टे कापू नकोस. खाली जोड लावायला सांग. जोड काय, पुढे कधीही उसवता येतो.

आता मी विचारते त्याचं उत्तर दे. ट्रकवाले ताडपत्री दुरुस्तीला घेऊन यायचे तेव्हा सांगायचे की खाली गरम मुलखात झाडांची पानं ताडपत्रीएवढी असतात. खरं का ते? आणि समुद्र पहाटे गरम असतो, हे खरं का? आणि पाऊस ऊन असताना पडतो म्हणे. मी शिवलेल्या ताडपत्र्या तिकडे जाऊन यायच्या. परत यायच्या तेव्हा त्यांना वास यायचा, खारट आणि गोड. मी शेठना विचारलं, हा कसला वास, तर म्हणाले, सडल्याचा. मला नाही पटलं.

तू काय खाल्लंस ते लिहू नकोस. उपाशी आहेस हे न लिहिताही कळतं. काय बघितलंस ते लिही.

तो बरा आहे. घरात बोलत नाही, पण ते तुला नवं नाही. नवी मुलगी स्वभावाने गरीब आहे.

आईचे आशीर्वाद

*

२७ नोव्हेंबर
बेटावरून

ती. आई,

पानं मी मोजून आले. ताडपत्रीएवढी नाहीत, पण एक पान मी डोक्यावर धरून पावसात उभी राहिले आणि माझे खांदे भिजले नाहीत. तुम्ही दोघी मावल्या असतात त्याच्याखाली, तुम्ही आणि तुमची सावली. केळीची पानं वाऱ्याने शिरेपासून कडेपर्यंत सरळ फाटतात, जशी तुम्ही पट्टी फाडता, एका झटक्यात. समुद्र पहाटे गरम असतो. पाऊस ऊन असताना पडतो, आणि तो पडताना कुणीही पळत नाही, दुकानातली माणसं फक्त खुर्ची दोन पावलं मागे घेतात. वासाचं शेठ खोटं सांगत होते. तो पिकलेल्या फळांचा आणि लाकडाच्या धुराचा वास आहे. कालच माझ्या टॉवेलला आला.

इथे बोटीने आले. रात्रभराची बोट, डेकवर चटई टाकून झोपायचं, म्हणजे एका रात्रीचं खोलीभाडं वाचतं. आजूबाजूला कुटुंबं होती. एका बाईने झोपेत आपला पाय माझ्या पायावर टाकला, तिला वाटलं मी तिची बहीण. मी पाय काढला नाही. सकाळी ती लाजली, मी हसले, एवढंच आमचं बोलणं.

आई, एक गंमत सांगते. परवा माझ्या लक्षात आलं की आठवडाभर मला कुणी हाकच मारलेली नाही. किती दिवस राहणार, कुठून आलात, हे विचारतात. पण मागून कुणी हाक मारावी आणि मी वळून बघावं, असं झालं नाही. म्हणून मीच आरशासमोर "लंबू" म्हणून पाहिलं. वेडेपणाच. पण तुमचा तो ताडकन सूर काही जमला नाही.

इथे मोची सापडला नाही, आणि सॅकची खालची कड घासून पाठीच्या मधोमध जखम झाली आहे. मोठी नाही, पण चिघळते आहे. नेमकी अशा जागी की वरून हात घातला तरी पोहोचत नाही आणि खालून घातला तरी नाही. औषधाच्या दुकानात इतकी वर्षं काढून मला कोणतं मलम हवं ते कळतं, पण लावायला दुसरा माणूस लागतो हे तिथे कुणी शिकवलं नव्हतं. बोटीवर, बसमध्ये, खोलीत इतकी माणसं, पण "जरा माझ्या पाठीला हे लावता का" असं कुणाला म्हणायचं?

आणि एक सांगायचं आहे. डोळे दाखवीन सवडीने म्हणालात, म्हणजे तुम्ही दाखवणार नाही. मला राहवलं नाही. काल फोनला रेंज मिळाली तेव्हा मी त्याला दोन ओळींचा निरोप पाठवला: आईंनी शिवलेल्या सॅकचं माप चुकलं आहे, त्यांचं माप कधी चुकत नाही, त्यांचे डोळे तपासून घे. त्याचं उत्तर आलं, "बरं." घटस्फोटानंतर आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं. तुम्ही सांगू नकोस म्हणाला होतात. पण मशीनची सुई बोटातून गेली तर मला इथून काय करता येणार? राग मानू नका.

तुमचीच

*

१० डिसेंबर

लंबे,

तुझ्या दोन ओळींनी काय केलं ते वाच.

तो मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने अक्षरं वाचायला लावली. मी शेवटची बारीक ओळसुद्धा वाचली, तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं. डॉक्टर म्हणाला, "आजींचे डोळे तुमच्यापेक्षा चांगले आहेत."

मला वाटलं, सुटले. पण रिक्षात तो म्हणाला, "डोळे चांगले असून माप चुकतं म्हणजे डोक्याचं काहीतरी आहे." बाप गेल्यापासून एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तो शेठना भेटून आला. आता माझं कारखान्यात जाणं बंद. हात मशीनखाली जाईल म्हणतो. माझ्या जागेवर दुसरी एक पोरगी बसवली आहे, ती टेप लावून शिवते. घरात काडेपेटी वरच्या फळीवर गेली. गॅसला मी हात लावायचा नाही. रोज सकाळी चहा देताना विचारतो, "आई, आज वार कोणता?" एक दिवस मुद्दाम चुकीचा सांगितला, बघू काय करतो म्हणून. तर दिवसभर दोघंही माझ्याशी ओरडून बोलत होती, जशी मी बहिरी झाले आहे. आता निमूटपणे बरोबर सांगते.

आणि तुझं पत्र घरातल्या नवीच्या हाती लागलं. डब्याच्या पिशवीत होतं, ती डबा धुवायला गेली. त्या दिवशी भांडी फार वेळ घासत होती.

तुझा हेतू वाईट नव्हता, ते कळतं मला. पण तू आता लिहू नकोस. कारखान्यावर मी नाही आणि घरी शोभत नाही. हे पत्र शेजारच्या मशीनवाल्या बाई भेटायला आल्या होत्या त्यांच्याकडे देते आहे.

पाठीला मलम लाव. कुणालाही सांग. तोंड दिलंय देवाने.

आई

*

२४ डिसेंबर
बेटावरूनच

ती. आई,

लिहू नकोस म्हणालात तरी लिहिते आहे. हे तुमच्या शेजारच्या मशीनवाल्या बाईंच्या नावाने पाठवते. त्यांनी नाही दिलं तर नाही.

तुमचं पत्र पोस्टाच्या पायरीवर बसून वाचलं. मग पुढची बोट सोडली आणि त्याच खोलीवर परत आले, कारण कुठे जायचं तेच सुचेना. मी तुमचे हात काढून घेतले. दुसरं काही नाही, हातच. एवढी वर्षं तुम्ही मला न मागता दिलंत, आणि मी तुम्हाला न विचारता हे दिलं.

पण त्यानंतर एक झालं, ते सांगायलाच हवं.

या लॉजवर एक स्वयंपाकीण आहे. पन्नाशीची, बुटकी, गोल, सतत गुणगुणते. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. मी पायरीवरून रडून आले होते, ते तिला दिसलं असणार. तिने मला स्वयंपाकघरात बसवलं, आणि तुमचा आदेश आठवून मी मलमाची डबी तिच्या हातात देऊन पाठ दाखवली. तिने हात धुतले, पुसले, आणि मलम लावलं. आई, तिचं बोट जखमेला लागलं आणि मी पुन्हा रडले. दुखलं म्हणून नाही. कितीतरी दिवसांनी मला कुणाचा हात लागला होता.

मग जखम कशाने झाली ते तिने खुणेने विचारलं. मी सॅक आणून दाखवली. तिने ती उचलली आणि गंमत म्हणून आपल्या पाठीवर चढवली.

आणि ती तिला बसली. पट्टे खांद्यावर जिथे यायचे तिथे आले. कमरेचा पट्टा बरोबर कमरेला आला, बक्कल न ओढता लागलं. ती स्वयंपाकघरात ऐटीत फिरून आली, हातात झारा, जशी आता प्रवासालाच निघाली आहे. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

ती तुमच्याएवढी आहे, आई. माझ्या खांद्याला लागते.

मग मी सॅक नीट बघितली. इतके आठवडे पाठीवर वाहिली, पण बघितली नव्हती. कापडाच्या घड्या पांढऱ्या पडल्या आहेत, जशा फार वर्षं दुमडून ठेवलेल्या कापडाच्या पडतात. बक्कल जुन्या पद्धतीचं आहे. आतल्या कप्प्यात माझी पाण्याची बाटली मावत नाही, पण तुमचा कारखान्याचा डबा बरोबर मावेल. तुमचं माप चुकलं नव्हतं. तुमचं माप कधीच चुकलेलं नाही.

ही सॅक कुणाची आहे, आई?

आणि माप बरोबर होतं हे तुम्ही त्याला का सांगत नाही? एका वाक्याचं तर काम आहे. सांगा, आणि उद्यापासून मशीनवर बसा.

तुमचीच

*

८ जानेवारी

चि. लंबूस आशीर्वाद.

त्या स्वयंपाकिणीला माझा नमस्कार सांग. तिला माझी पिशवी बसली याचा मला राग आला, मग बरंही वाटलं. कुणाच्या तरी अंगाला लागली एकदाची.

तू विचारलंस म्हणून सांगते. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

तू लग्न होऊन यायच्या आधीच्या वर्षी मी ती शिवली. कारखान्यात उरलेल्या कापडातून, जेवणाच्या सुट्टीत थोडी थोडी. कापायच्या टेबलाखाली ठेवलेली असायची. तुझे सासरे कसे होते, तू बघितलंस. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण एखादी गोष्ट मनाविरुद्ध झाली की बोलणं बंद. महिना-महिना. मी जेवायला वाढायचे, ते जेवायचे, ताट सरकवायचे. घरात घड्याळाचा आवाज यायचा. आणि इकडे माझ्या ताडपत्र्या जग हिंडून फाटून परत यायच्या. मी त्यांना ठिगळं लावायचे आणि म्हणायचे, तुमची मजा आहे बायांनो.

मी ठरवलं होतं, मुलाचं लग्न झालं की आपली जबाबदारी संपली. लग्नाच्या चौथ्या दिवशी निघायचं. एका ट्रकवाल्याची बायको त्याच्याबरोबर जायची, ती मला समुद्रापर्यंत नेणार होती. पुढचं पुढे.

मग तू आलीस. पहिल्याच संध्याकाळी मी कारखान्यातून आले, तर एवढी ताडमाड पोरगी वाकून माझे ड्रॉवर उघडते आहे. बाहेर तुझा नवरा बसला होता, सासरे बसले होते. दोघांपैकी कुणालाही विचारता आलं असतं, चमचा कुठे आहे. तू विचारलं नाहीस. तुला मागताच येत नव्हतं. मी दारात उभी राहून बघितलं आणि मनात आलं, हिला या दोन मुक्यांच्या घरात टाकून मी गेले तर ही चमच्यावाचून मरेल.

म्हणून ते वाक्य बोलले. तुला धीर देण्यासाठी नव्हे गं. ते मी मलाच सांगितलं होतं, की आता कुठे जायचं नाही.

याचा बोजा घेऊ नकोस. मी काय उपकार केले नाहीत. तू आल्यावर घरात बोलायला माणूस आलं, माझाच फायदा झाला. तुझी माझी वीस वर्षं चांगली गेली. मग तू निघालीस तेव्हा म्हटलं, मी नाही तर निदान पिशवी तरी जाऊन येऊ दे. तुझ्या मापाची नवी शिवता आली असती, आठवड्याचं काम. पण मला तीच पाठवायची होती. तुझ्या पाठीला ती लागेल हे मला कळायला हवं होतं. कळलंही होतं. तरी दिली. म्हातारीचा हावरटपणा म्हण.

आता त्याला का सांगत नाही ते ऐक. माप बरोबर होतं म्हटलं तर विचारेल, मग कुणाच्या मापाची? काय सांगू? की तुझी हळद निघायच्या आत तुझी आई घर सोडून जाणार होती? तो बापासारखा गप्प आहे, पण आतून अजून लहान आहे. आधीच एक बायको गेली. आईसुद्धा निघाली होती हे त्याला कळायला नको. त्यापेक्षा आई विसरभोळी झाली हे त्याला सोसेल. मला वार विचारू दे. सांगेन.

दुसरं, तुला कुणाकडून तरी कळणारच, तर माझ्याकडूनच कळू दे. नवीला दिवस गेले आहेत. चौथा महिना. तू आणि मी त्या दवाखान्याच्या बाकड्यावर किती वेळा बसलो होतो, ते मी विसरलेले नाही. कुणी काहीही म्हणो, माझं डोकं ठीक आहे.

नवीही तुझ्यासारखीच आहे. मागत नाही. उलटी झाली तरी दाराआड जाऊन करते. परवा माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, उद्या मी कुठे गेले तर मलाही अशी पत्रं लिहाल?" मी म्हटलं, "आधी जा तर खरी." ती हसली. हे पत्र टाकायला तिच्याकडेच देते आहे. वाचणार नाही ती. वाचलं तर वाचो.

तू आता काय करणार? परत ये असं मी म्हणणार नाही. पण लिही. घरच्या पत्त्यावर लिही. नवी म्हणाली चालेल.

आईचे आशीर्वाद

*

२२ जानेवारी
बेटावरून, शेवटचं

ती. आई,

पत्र खिशात घालून मी दोन दिवस फिरत होते. किनाऱ्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. नवीची बातमी वाचून काय वाटलं ते लिहायला घेतलं आणि खोडलं. तिला सांगा, उलटीसाठी दाराआड जायची गरज नाही. आणि सकाळी उठल्याउठल्या कोरडं काहीतरी खाऊन मग पाणी प्यायचं. दुकानात सगळ्यांना हेच सांगायचे मी.

बोजा घेऊ नकोस म्हणालात. घेत नाही. पण एक कळलं, आणि त्याने झोप उडाली. तुम्ही मला मागावं लागू दिलं नाहीत म्हणून मला मागता येत नाही, असं नाही; ते मला आधीपासूनच येत नव्हतं. त्याच्याकडे मी बोलणं मागितलं नाही, वाट बघितली. तो देईल म्हणून वीस वर्षं ड्रॉवर उघडत बसले. शेवटी पाठ दाखवून मलम मागितलं ते एका परक्या बाईकडे, आणि तेही तुम्ही दटावलंत म्हणून.

आज सॅक रिकामी केली. स्वयंपाकिणीने मला एक तांदळाचं पोतं दिलं, दोरीचे पट्टे लावून. ती म्हणते, माझ्या उंचीला तेच शोभतं. निदान खुणा तरी तशाच करत होती. तुमची सॅक धुतली, उन्हात वाळवली, आणि या पत्राबरोबर पार्सलने तुम्हाला पाठवते आहे. पट्टे कापले नाहीत. जोडही लावला नाही. तुम्ही केलीत तशीच आहे, फक्त तिला आता तो वास आहे. खारट आणि गोड. उघडल्यावर आधी वास घ्या. मलमाची डबी मात्र पाठवलेली नाही. ती माझ्याजवळ आहे. ते मलम एकट्या माणसाच्या उपयोगाचं नाही.

मी वर येते आहे. तुमच्या घरी नाही, त्या गल्लीत मी पाऊल ठेवणार नाही. तुमच्या गावच्या बसस्टँडवर येते, फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी सकाळी. दक्षिणेकडची गाडी लागते त्या फलाटावर बसेन. पुढे मी सगळं बघून ठेवलं आहे. बोटीवर डेकची चटई दोघींना पुरते. खोलीत खालचा पलंग तुम्हाला, वरचा मला. पंधरा दिवस, जास्त नाही. नवीला सातवा लागायच्या आत तुम्ही परत घरी, तिच्या उशाशी. त्याला सांगा, देवदर्शनाला चालले आहे, कारखान्यातल्या बायकांबरोबर. किंवा खरं सांगा. किंवा काही सांगू नका, त्या घरात न बोलता सगळं चालतंच.

तुम्ही नाही म्हणणार, हे मला माहीत आहे. नवी कशी एकटी राहील म्हणाल. गुडघे म्हणाल. या वयात लोक काय म्हणतील म्हणाल, आणि मग म्हणाल, तूच बघून सांग पानं केवढी आहेत ते. तुम्ही एकदा एका पोरीसाठी राहिलात, आता दुसरीसाठी राहाल. मी तुम्हाला ओळखते. फलाटावर दुपारपर्यंत बसून मी एकटीच गाडीत चढेन, याचीही मनाची तयारी करून ठेवली आहे.

तरी मागते. आयुष्यात पहिल्यांदा शब्दांत मागते आहे, म्हणून नीट जमलं नसेल तर सांभाळून घ्या. त्या दिवशी सकाळी त्याने चहा देताना वार विचारला तर सोमवार सांगा, आणि डबा भरून, सॅक पाठीवर घालून या.

आई, माझ्याबरोबर चला.

तुमची
लंबू